न दिसणाऱ्या कणांचा माग : डॉ. होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडील नावाजलेले वकील, टाटा घराण्याशी नातं. मुलाने केंब्रिजला इंजिनिअर व्हावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावं, असं घरच्यांनी ठरवलेलं. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले, पण मन रमलं भौतिकशास्त्रात. तसं त्यांनी घरी कळवलं. वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंगला पहिला वर्ग मिळवायचा, मग गणित शिकायला परवानगी. १९३० मध्ये होमींनी तो मिळवला.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तेव्हा क्लाउड चेंबर वापरात होतं. ही विल्सन या शास्त्रज्ञाची युक्ती. काचेच्या बंद पेटीतली दमट हवा एकदम पसरू द्यायची, ती झटकन गार होते. अशा वेळी किरणोत्सर्गी अणुकेंद्रातून सुटलेला विद्युतभारित कण आत शिरला, की तो वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उडवतो आणि आयन तयार होतात. वाफ त्या आयनांवर थेंब होऊन बसते. उजेड पाडला की पांढरी रेघ दिसते, तिचा फोटो काढायचा. खूप उंचावरचं विमान दिसत नाही, मागची रेघ दिसते ना, तसंच! अल्फा कणाची रेघ जाड आणि आखूड, बीटाची बारीक आणि वेडीवाकडी. चुंबक लावला की रेघ वळते, त्यावरून भार धन की ऋण ते कळतं.

१९३३ मध्ये इथल्याच ब्लॅकेट आणि ओकियालिनी यांच्या फोटोंत विश्वकिरणांमुळे एकदम अनेक रेघांचा झोत दिसला. इतके कण आले कुठून? १९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर यांनी गणिताने उत्तर दिलं. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना प्रकाशकण सोडतो, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी तयार होते, ती पुन्हा प्रकाशकण सोडते. असे एकाचे अनेक होतात.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले. महायुद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर विमान कोसळून त्यांचं निधन झालं.

दहावीचा निकाल लागला की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या घराघरांत शाखेवरून वाद होतात. पालकांनो, मुलाचा ओढा सुरुवातीला दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. होमींच्या वडिलांनी मेहनतीची अट घातली, पण वाट अडवली नाही. आपणही एवढं करू शकतो.