माइक एकट्याचाच : बॉबी तल्यारखान

नावात ‘खान’ असल्यामुळे आपल्यातले बरेचजण त्यांना मुसलमान समजतात. पण अर्देशीर फुर्दोर्जी सोहराबजी तल्यारखान, म्हणजे सगळ्यांचे बॉबी, हे मुंबईचे पारशी. जन्म १८९७ चा. भारतात क्रिकेटचं रेडिओवरचं समालोचन ज्यांनी रुजवलं, त्यांत त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. आज मुंब्रा, कल्याण, भिवंडीतली आपली पोरं मोबाइलवर सामना बघतात. त्या धावत्या वर्णनाची सुरुवात कुठून झाली, हे त्यांना सांगायला हवं.

तेव्हा मुंबईत संघ धर्मावर बनायचे. युरोपियन, पारशी, हिंदू यांच्या स्पर्धेत १९१२ पासून मुस्लिम संघही आला आणि ती चौरंगी झाली. १९३४ मध्ये याच स्पर्धेतल्या पारशी विरुद्ध मुस्लिम सामन्याचं वर्णन तल्यारखान यांनी रेडिओवर केलं. ऑल इंडिया रेडिओ हे नावसुद्धा तेव्हा आलं नव्हतं, ते १९३६ चं. म्हणजे एका बाजूला त्यांची स्वतःची जमात खेळत होती, दुसऱ्या बाजूला आपली. आणि दोन्हीकडचे लोक एकाच माणसाच्या आवाजावर कान लावून बसणार होते. केवढी जोखमीची जागा!

आवाज भारदस्त, किस्से भरपूर. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर ते एकटेच बोलत. दुसरा कुणी जोडीला नको, ही त्यांची अटच होती. हाच त्यांचा मोठेपणा आणि हीच त्यांची अडचण. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला, तेव्हा रेडिओने तीन समालोचक नेमायचं ठरवलं. तल्यारखान यांना माइक वाटून घेणं मंजूर नव्हतं. ते सरळ बाजूला झाले. ज्यांनी वाट पाडली, तेच वाटेबाहेर गेले. पुढे १९७२-७३ च्या इंग्लंड मालिकेत ते तज्ज्ञ म्हणून परत ऐकू आले, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

मात्र ते गप्प बसले नाहीत. आवाज थांबला तेव्हा लेखणी चालली. ‘ब्लिट्झ’मध्ये आणि नंतर ‘मिड-डे’मध्ये त्यांनी खेळांवर सडेतोड लिहिलं. शेवटी स्टीव्ह नावाच्या कुणालातरी, समजलं ना, असं विचारायची त्यांची लकब वाचकांच्या तोंडी बसली होती. १९९० मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचं निधन झालं.

आपल्या घरांत मुलगा चांगला खेळला तर कौतुक होतं. पण मुलगा किंवा मुलगी खेळावर लिहिते, बोलते म्हटलं की, यात कमाई काय, असा सवाल येतो. खेळाडू मैदान गाजवतो, पण त्याची गोष्ट घराघरांत नेणारा दुसराच कुणी असतो. तो आपल्यातलाही असायला काय हरकत आहे? तल्यारखान यांच्याकडून आम्ही दोन गोष्टी घ्याव्यात म्हणतो : आवाजावरची मेहनत घ्यावी, आणि माइक मात्र वाटून घ्यायला शिकावं.