श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड आणि परदेशातील विद्यार्जन

आपल्या नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. ह्या गावी दिनांक ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड ह्यांच्या शेतकरी घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मास आला. घराणे बडोद्याच्या राजवंशाची दूरची शाखा असले, तरी नित्याचे जीवन शेतीभातीचे व गुराढोरांचे होते. १८७५ साली मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि कै. खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईसाहेब ह्यांनी ह्या मुलास दत्तक घेतले. बारा वर्षांच्या ह्या मुलास त्या वेळी अक्षरओळखही नव्हती. हाच मुलगा पुढे श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे ह्या नावाने विख्यात झाला.

ज्यास विद्या उशिरा मिळते, त्यास तिचे मोल अधिक कळते. इलियट ह्या इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली महाराजांनी कसून अभ्यास केला व १८८१ च्या अखेरीस राज्याची सूत्रे हाती घेतली. १८८७ साली ते प्रथम युरोपात गेले. समुद्रपर्यटन केलेल्या मनुष्यास प्रायश्चित्त घ्यावयास लावण्याचा तो काळ होता. त्यानंतर महाराजांनी परदेशाच्या अनेक वाऱ्या केल्या. परंतु शाळा, ग्रंथालये, कारखाने व शेते पाहावीत आणि त्यांतील आपल्या रयतेस उपयोगी पडेल ते घरी आणावे, ही दृष्टी त्यांनी कधी सोडली नाही. १८९३ साली अमरेली येथे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला व १९०६ साली तो संपूर्ण संस्थानास लागू करण्यात आला. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी बॉर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली बडोद्यास आणविले आणि खेडोपाडी पुस्तके पोहोचविणारी व्यवस्था उभी केली.

परंतु राजाने एकट्याने पाहून यावे, एवढ्याने देशाचे काम भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी होतकरू तरुणांस परदेशी धाडण्याचा परिपाठ ठेविला. खासेराव जाधव ह्यांस शेतकीच्या अभ्यासाकरिता इंग्लंडला पाठविण्यात आले. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला धर्माच्या तौलनिक अभ्यासास निघाले, तेव्हा त्यांच्या प्रवासखर्चास महाराजांचा हातभार लागला.

ह्या सर्वांत थोर उदाहरण अर्थातच डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांचे. मुंबईचे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी ह्यांनी ह्या बुद्धिमान विद्यार्थ्याकरिता शब्द टाकला आणि महाराजांनी कॉलेजातील शिक्षणासाठी त्यास दरमहा २५ रुपये देऊ केले. पुढे १९१३ साली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन त्यास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडिले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. तेथे सेलिग्मन व ड्यूई ह्यांच्यासारख्या प्राध्यापकांपुढे बसून त्यांनी अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास अशा विषयांचा व्यासंग केला. मायदेशी शाळेत ज्यास वेगळे बसावे लागले, तो तेथे इतरांच्या बरोबरीने एकाच बाकावर बसला. हा लाभ पदवीच्या कागदावर लिहिला जात नाही; तथापि तो पदवीहून लहान म्हणता यावयाचा नाही. पुढे ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस परतावे लागले.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. महाराजांची इच्छा चांगली होती, हुद्दाही मोठा होता. परंतु त्या शहरात त्यांस राहावयास कोणी जागा देईना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला, तोही जमावाने हिरावून घेतला. कचेरीत शिपाई कागद लांबूनच टाकीत. थोड्याच दिवसांत डोळ्यांत पाणी आणून त्यांस बडोदे सोडावे लागले. राजाची तिजोरी विद्यार्थ्यास सातासमुद्रापार नेऊ शकली. मात्र राजाचा हुकूम त्यास राजधानीत एक खोली मिळवून देऊ शकला नाही.

म्हणून ती शिष्यवृत्ती वाया गेली, असे कोण म्हणेल? १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करून १९२३ साली परतले. १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील आपला ग्रंथ त्यांनी कृतज्ञतेने सयाजीराव महाराजांस अर्पण केला. १९३० साली आपल्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशाकरिता जो सत्याग्रह झाला, त्याचे नेतृत्व ह्याच विद्वानाने केले. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. कवळाण्याच्या सुपुत्राने पेरलेले असे देशभर उगवले. बडोद्याने मात्र आपल्या हाताने आपला वाटा गमावला.

ज्ञातिबांधवांनो, आज परदेशी जाण्यास प्रायश्चित्त लागत नाही; पैसा मात्र पुष्कळ लागतो. द्राक्षबाग वा जमीन तारण ठेवून मुलास अथवा मुलीस परदेशी विद्यापीठात पाठविणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. त्यांचे धाडस स्तुत्य आहे. अन्य देशातील प्रयोगशाळा व ग्रंथालये, निरनिराळ्या लोकांचा सहवास, गुरूस निर्भयपणे प्रश्न विचारण्याची सवय आणि आपल्या रूढींकडे दुरून पाहण्याची दृष्टी, हे लाभ घरी बसून पुरतेपणी मिळत नाहीत. मात्र शिकून आलेला मुलगा शेतीत, धंद्यात अथवा घरच्या रीतींत काही नवे सुचवू लागला, म्हणजे आपण त्यास गप्प बसवितो. शिकून आलेल्या मुलीस तर बोलूही देत नाही. मग तो तिकडेच राहिला, तर दोष एकट्या त्याचा कसा?

महाराज दिनांक ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. त्यांच्याप्रमाणे शिष्यवृत्ती देण्याचे सामर्थ्य थोड्यांनाच असते. परंतु परतून आलेल्यास घरात जागा व त्याच्या ज्ञानास काम देणे आपणा प्रत्येकाच्या हाती आहे. बडोद्याकडून १९१७ साली जे घडले नाही, ते आपल्याकडून घडो, हीच त्या विद्याप्रेमी राजास खरी आदरांजली होईल.