कॉन्टॅक्ट लेन्स कुणी शोधली? डॉ. फिक आणि केराटोकोनसची गोष्ट

मोबाईलवर एक अक्षर वाचायला गेलं की त्याच्या मागे अजून दोन-तीन अक्षरं सावलीसारखी दिसतात का? रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपट्या फुटतात का? वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलतोय का? मला हे तिन्ही व्हायचं. मी गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा. माझ्या आजाराचं नाव केराटोकोनस, आणि सकाळी डोळ्यात घालतो त्या लेन्सचं नाव स्क्लेरल. ही लेन्स एकदम नवी टेक्नॉलॉजी आहे असं दुकानदार सांगतात. खरं तर जगातली पहिली वापरता आलेली कॉन्टॅक्ट लेन्स स्क्लेरलच होती, आणि ती ज्या मोजक्या रुग्णांच्या डोळ्यात घातली गेली त्यांत केराटोकोनसचा रुग्णही होता. ती बनवणाऱ्या डॉक्टरची ही गोष्ट.

आधी आजार समजून घेऊ. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. केराटोकोनसमध्ये तो आणखी पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुतेक वेळा शाळा-कॉलेजच्या वयात होते, आणि डोळे चोळायची सवय त्यात भर घालते. हा आजार दुर्मीळ म्हणून सांगितला जातो, पण २००९ साली नागपूरजवळच्या खेड्यांमधला एक अभ्यास छापून आला. त्यात साडेचार हजारांहून जास्त प्रौढांच्या तपासणीत प्रमाण २.३ टक्के निघालं. निकष फक्त कॉर्नियाच्या बाकाचा होता, म्हणून आकडा थोडा सैल धरा. तरी गावात मी एकटाच असेन असं मला वाटत नाही.

आता डॉक्टर. पूर्ण नाव अडॉल्फ गॅस्टन ऑयगेन फिक. जन्म २२ फेब्रुवारी १८५२, जर्मनी. वडील शरीररचनेचे प्राध्यापक, पण ते लवकर गेले आणि पोरगा काकाच्या घरी वाढला. काकाचं नाव अडॉल्फ ऑयगेन फिक! नेटवर शोधाल तर या काका-पुतण्याची अशी सरमिसळ झालेली दिसेल की कुणाचं काम कुणाच्या नावावर, कळतच नाही. (आपल्याकडे काका-पुतण्या म्हटलं की राजकारण आठवतं, इथे तसलं काही नाही.) काका शरीरक्रियाशास्त्रज्ञ. एखादा वायू किंवा विरघळलेला पदार्थ पडद्यातून किती वेगाने पलीकडे जातो, याचा नियम त्यांनी १८५५ मध्ये मांडला. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुतण्या डोळ्यांचा डॉक्टर झाला, झुरिचला. कॉर्नियाचा आकारच बिघडला तर चष्मा कामाचा नाही, हे त्यांना माहीत होतं. मग चष्म्याची काच थेट डोळ्यावरच ठेवली तर? आधी सशाच्या डोळ्याचे साचे काढून काचेच्या वाट्या बनवल्या आणि सशांवरच त्या घालून बघितल्या. नंतर स्वतःच्या डोळ्यात घातल्या, आणि शेवटी मोजक्या रुग्णांच्या. काचा घडवायला येना शहरातले प्रा. आबे यांची मदत झाली. झाइस कंपनीच्या मायक्रोस्कोपमागे ज्यांचं डोकं होतं, तेच आबे. १८८८ मध्ये फिकनी हे सगळं छापलं आणि या वस्तूला जर्मनमध्ये जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो डोळ्याला टेकलेला चष्मा. आजचा 'कॉन्टॅक्ट' हा शब्द त्यातलाच.

ही वाटी १८ ते २१ मिलिमीटर रुंद होती. कॉर्निया असतो साधारण बारा मिलिमीटरचा. म्हणजे लेन्स कॉर्नियाला न टेकता बाजूच्या पांढऱ्या भागावर बसायची. या पांढऱ्या भागाला स्क्लेरा म्हणतात, म्हणून स्क्लेरल. मधल्या पोकळीत फिकनी ग्लुकोजचं पाणी भरलं. खरी गंमत या पाण्यात आहे. आमच्याकडच्या रस्त्याचा विचार करा. पावसात खड्डे भरले की वरून रस्ता सपाट दिसतो. तसंच, वाकड्यातिकड्या कॉर्नियावर पाणी भरलं की प्रकाशाला समोर फक्त लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. पाणी आणि कॉर्निया प्रकाश जवळजवळ सारखाच वाकवतात, त्यामुळे आतले उंचवटे जवळपास गायब होतात. माझी लेन्स आज याच तत्त्वावर चालते. एवढ्या वर्षांत त्यात काही बदललेलं नाही.

मग ही लेन्स तेव्हाच घरोघर का गेली नाही? कारण ती दोनेक तासच घालता यायची. त्यानंतर कॉर्निया धुरकट व्हायचा आणि दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. फिकनी याचं वर्णन करून ठेवलं आणि डोळ्यांच्या पुस्तकांत हा प्रकार त्यांच्या नावानेही ओळखला जातो. पण उपाय त्यांना सापडला नाही.

कारण असं: कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याला बराचसा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून, अश्रूंतून मिळतो. वर काच बसवली की दार बंद, कॉर्निया सुजतो. आजच्या लेन्सच्या डब्यावर 'डीके' नावाचा आकडा असतो. तो जितका मोठा, तितका ऑक्सिजन त्या मटेरियलमधून आत जातो. आणि लेन्स जाड झाली की ऑक्सिजन कमी जातो. हे गणित म्हणजे काकाचा १८५५ चा नियम! ज्या घरात फिक लहानाचे मोठे झाले, त्याच घरातलं गणित त्यांची अडचण सांगत होतं. पण नियम माहीत असून उपयोग काय, ऑक्सिजन जाऊ देणारं पारदर्शक मटेरियलच तेव्हा नव्हतं.

पहिल्या महायुद्धात फिकनी फ्रान्स, रशिया आणि तुर्कस्तानातल्या रणांगणावरच्या रुग्णालयांची जबाबदारी सांभाळली. डोळ्यांवरचं काम सुरू होतंच. १९३६ मध्ये अमेरिकेत विल्यम फाइनब्लूम यांनी काच आणि प्लास्टिक मिळून लेन्स बनवली, आणि पुढच्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १९३७ ला फिक गेले. पंच्याऐंशी पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते.

नंतर प्लास्टिकच्या छोट्या लेन्स आल्या, १९६१ मध्ये चेक शास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी सॉफ्ट लेन्स आणली, आणि फिकची मोठी वाटी मागे पडली. ती परत आली ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या प्लास्टिकमुळे. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या डॉन इझेकिएल यांनी अशा मटेरियलच्या स्क्लेरल लेन्सबद्दल लिहिलं. सॉफ्ट लेन्स वाकड्या कॉर्नियावर वाकडीच बसते, म्हणून आमच्यासारख्यांना ही कडक मोठी वाटीच बरी पडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. लेन्स नजर देते, आजार थांबवत नाही. थांबवण्यासाठी सी-थ्री-आर आहे: बी-टू व्हिटॅमिनचे थेंब आणि अतिनील किरणं वापरून कॉर्निया घट्ट करायचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये याचे पहिले निकाल २००३ ला आले. नंबर सारखा बदलत असेल तर डॉक्टरांना 'कॉर्नियल टोपोग्राफी करायची का?' एवढं विचारा. मला हे नाव कळेपर्यंत तीन चष्मे झाले होते.

माझं रोजचं असं असतं. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. लेन्स रबरी प्लंजरवर उताणी ठेवायची, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाईन काठोकाठ भरायचं, मान खाली, आरशाकडे न बघता जमिनीकडे बघत डोळ्यात बसवायची. मग मोबाईलचा फ्रंट कॅमेरा झूम करून बघायचं. आत हवेचा बुडबुडा दिसला की काढून पुन्हा भरायची. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं, कुठलंच पाणी लेन्सला लावायचं नाही. त्यातल्या अकांथामीबा नावाच्या जंतूने डोळा जाऊ शकतो. लेन्स घालून झोपायचं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत धुरळ्याने दुपारपर्यंत आतलं सलाईन गढूळ होतं, मग एकदा काढून, स्वच्छ करून, नवीन भरून परत घालतो. फिकच्या रुग्णांची दोन तासांत सुट्टी व्हायची, माझी लेन्स संध्याकाळी दिवे लागेपर्यंत चालते.