विश्लेषण : सोयाबीनचा उतारा आणि भुकेचा आकडा... कोण होते पां. वा. सुखात्मे?

सोयाबीन काढणीला आली की केज तालुक्यात बोलणे फिरून एकाच विषयावर येते : यंदा विमा मिळणार का? २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावरच ठरते. एका महसूल मंडळात एका पिकासाठी असे प्रयोग किमान दहा. म्हणजे नांदूरघाट किंवा युसूफवडगावच्या परिसरातील सगळ्या सोयाबीन उत्पादकांना पैसे मिळणार की नाही, हे मोजक्या शेतांत आखलेल्या छोट्या चौकोनांवर अवलंबून असते. आपल्या बांधाकडे कोणी फिरकले नाही, मग आपले उत्पादन कागदावर आले कसे, ही शेतकऱ्याची तक्रार जुनी आहे.

दहा चौकोनांवरून हजारो एकरांचा अंदाज बांधण्याची ही पद्धत देशात रुजवणाऱ्यांत एक मराठी नाव आघाडीवर आहे. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. केजशी त्यांचा थेट संबंध नव्हता. पण या तालुक्यातील शेत आणि अंगणवाडी, दोन्हीकडे होणाऱ्या मोजणीमागे त्यांचा विचार आणि त्यांचे वाद उभे आहेत. आज आरोग्याची आणि व्यापाराची आकडेवारी तपासण्यासाठी विद्यापीठांत डेटा सायन्सचे वेगळे विभाग निघाले आहेत. सुखात्मेंनी हेच काम संगणक हाताशी नसताना सुरू केले.

बुध ते लंडन

सुखात्मेंचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातले हे गाव दुष्काळी पट्ट्यातले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ मध्ये गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. त्या काळी संख्याशास्त्र शिकायला जगात याहून चांगली जागा नव्हती. रोनाल्ड फिशर, ईगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन ही तीन मोठी नावे तिथे एकाच वेळी होती आणि त्यांचे आपसात फारसे पटत नव्हते, हेही खरे.

नेमन यांनी १९३४ मध्ये नमुना पाहणीचा पाया घातला होता. लोकसंख्येचे किंवा शेतांचे सारखे दिसणारे गट पाडायचे आणि ज्या गटात फरक जास्त, तिथून जास्त नमुने घ्यायचे. यात एक अडचण होती. कोणत्या गटात फरक जास्त, हे पाहणीआधी कळायचे कसे? आधी एक छोटी चाचणी पाहणी करून तो अंदाज घेतला तरी पद्धत कामाला येते, हे तरुण सुखात्मेंनी १९३५ मध्ये दाखवून दिले. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांना मिळाली.

भारतात परतल्यावर काही काळ ते कोलकात्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत जीवसंख्याशास्त्र शिकवत होते. १९४० मध्ये दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत गेले आणि पुढची अकरा वर्षे तिथेच रमले.

आणेवारीने काय बिघडत होते?

तेव्हा पिकाचा अंदाज म्हणजे आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मे. गावकामगाराने शेतावर नजर टाकायची आणि आणे लिहायचे. त्या आण्यांना नेहमीच्या उताऱ्याने आणि क्षेत्राने गुणले की प्रांताचे उत्पादन निघे. मराठवाड्यात हा शब्द आजही अनोळखी नाही. आण्यांची पैसेवारी झाली, एवढाच फरक. ५० पैशांच्या वर की खाली, यावर गावाचा दुष्काळ ठरताना केजने अनेकदा पाहिले आहे.

नजरेचा अंदाज चुकतो, इतकाच यातला दोष नव्हता. तो एकाच बाजूला चुकतो आणि किती चुकला हे कधीच कळत नाही, ही खरी अडचण होती. चांगल्या वर्षी हात आखडता, वाईट वर्षी वरच्या साहेबाला काय आवडेल याचा विचार. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तेव्हा देशात धान्य किती आहे याचा भरवशाचा आकडाच सरकारकडे नव्हता.

सुखात्मे आणि त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनी यावर जी पद्धत बसवली, ती ऐकायला साधी आहे. गावे चिठ्ठी टाकल्यासारखी निवडायची. गावातली शेतेही तशीच. मग निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून आलेली तितकीच पावले लांबीला आणि रुंदीला मोजायची आणि जिथे पोचू तिथे चौकोन आखायचा. पीक तिथे भरलेले असो की पिवळे पडलेले, जागा बदलायची नाही. कापायचे, मळायचे, वजन करायचे. माणसाची पसंती प्रत्येक पायरीवर काढून टाकलेली असल्याने थोड्या नमुन्यांवरून सगळ्यांचा अंदाज येतो आणि तो किती इकडेतिकडे असू शकेल हेही सांगता येते.

आजच्या पीक विम्याचा हाच कणा आहे. मंडळाचे सरासरी उत्पादन असे काढतात आणि ते उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. हा उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर. जोखीमस्तर ७० टक्के धरला तर एकरी दहा क्विंटलची सरासरी असलेल्या मंडळात सात क्विंटलच्या खाली उतारा गेल्यावरच भरपाई सुरू होते. तुमचे एकट्याचे शेत बुडाले आणि मंडळ तरले, तर हे गणित तुम्हाला काही देत नाही. पद्धत मंडळाचा आकडा काढण्यासाठी होती. तिच्यावर एकेका शेतकऱ्याची भरपाई टांगली गेली ती पुढे.

लहान चौकोन की मोठा?

या काळात सुखात्मेंचा सामना झाला तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी. महालनोबिस म्हणजे भारतीय संख्याशास्त्राचे तेव्हाचे सर्वांत वजनदार नाव. बंगालमध्ये ते अगदी छोटे तुकडे कापत आणि त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित माणसे पाठवत. सुखात्मेंनी १९४६-४७ मध्ये प्रयोगांनी दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उतारा फुगतो.

कारण समजायला कागद-पेन्सिल पुरेशी आहे. एक मीटर बाजूच्या चौकोनाला एक चौरस मीटर जागेसाठी चार मीटर कड असते. दहा बाय पाच मीटरच्या चौकोनाला पन्नास चौरस मीटरसाठी तीस मीटर, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरमागे जेमतेम ६० सेंटिमीटर. कडेवरचे झाड आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात त्याला आत ओढतो. कड जितकी जास्त, तितका हा लोभ जास्त मोजला जातो.

दुसरा मतभेद माणसांचा होता. महसूल खात्याच्या माणसांवर विसंबावे का? महालनोबिसांना ते धोक्याचे वाटे. सुखात्मेंचा हिशेब व्यवहारी होता : देशभर दरवर्षी चालवायचे काम असेल तर गावात आधीच असलेल्या यंत्रणेलाच ते शिकवावे लागेल. शेवटी देशाने हाच रस्ता धरला आणि आज कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक हे प्रयोग करतात. महालनोबिसांची शंका मात्र विरली नाही. प्रयोग शेतात झाला की चावडीत, हा प्रश्न मराठवाड्यात दर हंगामात विचारला जातो. त्याचे उत्तर गणितात नाही. प्रयोगाच्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील आणि शेतकरी बांधावर हजर राहण्यात आहे.

भुकेची रेघ कुठे ओढायची?

१९५१ मध्ये सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून जवळपास वीस वर्षे राहिले. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी जगातली दोन तृतीयांश माणसे भुकेली असल्याचे सांगून ठेवले होते. आकडा गाजला, पण आला कुठून ते नीट सांगता येत नव्हते. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे सुखात्मेंनी आपला हिशेब मांडला : पुरेसे उष्मांकच न मिळणारे १० ते १५ टक्के; आहार निकस असलेल्यांना धरले तर प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. सोसायटीने त्यांना १९६३ मध्ये गाय रौप्यपदक दिले.

देशातले धान्य भागिले माणसे ही सरासरी उपयोगाची नाही, हा त्यांचा मुद्दा होता. घास कोणाच्या वाट्याला किती येतो तेही पाहायला हवे आणि प्रत्येकाची गरजही वेगळी असते. त्या दोन्ही फरकांचा हिशेब करून कुपोषितांचे प्रमाण काढण्याची जी रीत त्यांनी घातली, तिच्याच सुधारलेल्या रूपावर जगातील भुकेचा अधिकृत आकडा आजही निघतो.

प्रथिनांबाबतही ते प्रवाहाविरुद्ध गेले. गरीब देशांत प्रथिनांचा मोठा तुटवडा आहे, असे मानून महागडी पूरके वाटण्याचा तो काळ. भारतीयांच्या डाळ-भाकरीत प्रथिने बऱ्यापैकी असतात, पोटभर जेवणच मिळत नसल्याने ती इंधनासारखी जळून जातात, असे त्यांनी १९७० च्या सुमारास मांडले. यात काळाने त्यांना बरोबर ठरवले.

पुण्यातील वाद

१९७१ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. त्याच वर्षी गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचे दारिद्र्यावरील पुस्तक आले. माणशी रोज २,२५० उष्मांक विकत घेता न येणारा तो गरीब, ही त्यांची रेघ. मराठवाड्याला हे दांडेकर ठाऊक आहेत ते अनुशेषाच्या १९८४ च्या अहवालामुळे.

सुखात्मेंनी या रेघेलाच हात घातला. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? सगळ्यांनी आपापल्या गरजेपुरते खाल्ले तरी निम्मे सरासरीच्या खालीच असणार. रेघ खाली आणली पाहिजे. त्यावर दांडेकरांचे म्हणणे असे की एकेका माणसाचा फरक कुटुंबात आणि गटात विरघळून जातो, म्हणून गटासाठी सरासरीच धरायला हवी.

मग सुखात्मे आणखी पुढे गेले. अमेरिकी शास्त्रज्ञ शेल्डन मार्गन यांच्यासह त्यांनी असा सिद्धांत मांडला की एकाच माणसाचे शरीर खाणे कमीजास्त झाले तरी स्वतःला जुळवून घेते, तेही वजन आणि काम न घटवता. पण आधाराला होती मोजक्या, धडधाकट तरुणांवरची निरीक्षणे. आयुष्यभर नमुन्याची शिस्त शिकवलेल्या माणसाने इतक्या अरुंद पायावर एवढी मोठी इमारत उभी करावी, हे खटकते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर यांनी यावरच पुढे लहान चणीची मुले निरोगीच असतात असे प्रतिपादन केले. डॉ. सी. गोपालन यांनी ते खोडून काढले : खुंटलेले मूल जगण्यासाठी किंमत मोजून लहान राहिलेले असते. पोषणतज्ज्ञांचा मोठा वर्ग गोपालन यांच्या बाजूने उभा राहिला.

वादाच्या धुरळ्यात सुखात्मेंचा एक आग्रह मात्र झाकोळला. नुसते धान्य वाढवून भागत नाही. पाणी गढूळ असेल, मूल सारखे जुलाबाने आजारी पडत असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही. शुद्ध पाणी आणि स्वच्छता हाही आहारच, असे ते उत्तरायुष्यात सांगत राहिले. २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

केजच्या अंगणवाडीत आता मुलांची उंची आणि वजन मोबाइलवर नोंदले जाते आणि मूल बुटके की लुकडे ते लगेच दिसते. इथे रेघ गोपालन यांच्या बाजूची आहे, बुटक्या मुलाला निरोगी धरले जात नाही. पण दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कुटुंबे निघाली की बरीच मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. ज्या महिन्यांत त्यांना सर्वाधिक जपायला हवे, त्याच महिन्यांत गावच्या काट्यावर त्यांचे वजन होत नाही. उरलेल्या मुलांची सरासरी काढून तालुक्याचा आकडा तयार झाला, तर त्यात कोण सुटले हे आधी विचारावे लागेल.