ॲन सुलिव्हन : हेलन केलरच्या शिक्षिका



घरात दृष्टिहीन मूल असले की आपण त्याचे सगळे काही करून देतो. त्याला भरवतो, कपडे घालून देतो, गरम चहाच्या कपाजवळ जाऊ देत नाही. हे सारे मायेपोटीच होते. पण या मायेने त्याचे भले होते का? आज आपण ॲन सुलिव्हन यांचे जीवन पाहू या.

ॲन यांचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, आयर्लंडहून आलेल्या गरीब कॅथलिक कुटुंबात झाला. लहानपणीच खुपऱ्यांमुळे त्यांची दृष्टी अधू झाली. आई वारली. १८७६ साली ॲन व धाकटा भाऊ जिमी यांना निराधारांच्या सरकारी आश्रमात जावे लागले. काही महिन्यांतच जिमी तेथे वारला. चौदाव्या वर्षी ॲन बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १८८६ साली त्या वर्गात पहिल्या येऊन बाहेर पडल्या. शस्त्रक्रियांमुळे त्यांना थोडे दिसूही लागले होते.

३ मार्च १८८७ रोजी त्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावी केलर कुटुंबात शिक्षिका म्हणून आल्या. सहा वर्षांच्या हेलनला दिसत नव्हते, ऐकूही येत नव्हते. जेवताना ती सर्वांच्या ताटांत हात घाली. आईवडील दयेने गप्प बसत. एके सकाळी घरची मंडळी बाहेर गेल्यावर ॲन यांनी खोलीचे दार लावून घेतले. हेलनने चिमटे काढले, लाथा मारल्या. ॲन मागे हटल्या नाहीत. अखेर हेलन चमच्याने जेवली आणि तिने आपला रुमाल घडी करून ठेवला. त्यानंतर ५ एप्रिलला पंपाच्या धारेखाली तिला पाणी या शब्दाचा अर्थ उमगला. ही दुसरी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण तिची सुरुवात चमच्याने झाली होती.

१९०४ साली हेलन पदवीधर झाल्या. वर्गातील प्रत्येक व्याख्यान ॲन त्यांच्या तळहातावर बोटांनी उतरवीत असत. २० ऑक्टोबर १९३६ रोजी ॲन यांचे निधन झाले. शेवटी त्यांचीही दृष्टी गेली होती. हेलन १९५५ साली भारतात आल्या, तेव्हाही सोबतीला एक मदतनीस होत्या. स्वावलंबी माणसालाही इतरांची गरज असते. मात्र जे आपल्याला जमते ते तो स्वतः करतो.

आज दृष्टिहीन मुलांना ताट हे घड्याळ समजायला शिकवतात : भात सहावर, आमटी बारावर. नोटा आकाराने ओळखणे, पांढऱ्या काठीने चालणे, भाजी चिरणे हेही शिकवतात. आपल्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील घराडी येथे अशा मुलांची निवासी शाळा आहे. शाळेत शिकलेले घरी करू देणे मात्र आपल्या हाती आहे. थोडा चहा सांडेल, एखादी बशी फुटेल. ती फुटू द्यावी. देवाने त्या मुलालाही हात दिले आहेत. आपण ते अडवू नयेत.