समेटासाठी झटलेला निर्वासित बिशप : यान आमोस कोमेनियस

आपल्याकडील बी.एड.च्या विद्यार्थ्यांना यान आमोस कोमेनियस हे नाव शिक्षणतज्ज्ञ म्हणून परिचित आहे. चित्रांच्या साहाय्याने भाषा शिकविणारे त्यांचे पाठ्यपुस्तक १६५८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ते मूळचे धर्मोपदेशक. ख्रिस्ती पंथांच्या आपसातील युद्धानेच त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली.

आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया प्रांतात २८ मार्च १५९२ रोजी त्यांचा जन्म झाला. यान हुस यांच्या सुधारणावादी परंपरेतील बंधुसंघाचे ते अनुयायी. १६२० मध्ये प्रागजवळ बोहेमियाच्या प्रोटेस्टंट सैन्याचा पराभव झाला. पुढच्याच वर्षी फुल्नेक येथील त्यांच्या घरावर संकट कोसळले आणि त्यांना अज्ञातवासात जावे लागले. पत्नी व दोन मुले साथीत दगावली. १६२८ मध्ये त्यांनी पोलंडमधील लेश्नो गाठले.

तीस वर्षांचे युद्ध १६४८ च्या वेस्टफालिया तहाने थांबले. परंतु बंधुसंघाच्या निर्वासितांना मायदेशी परतण्याची वाट त्यात नव्हती. त्याच वर्षी संघाचे बिशप झालेल्या कोमेनियस यांनी दोन वर्षांनी एक विलक्षण पुस्तिका लिहिली. संघ म्हणजे मरणासन्न आई, आणि ती इतर चर्चना वारसा वाटून देत आहे, अशी तिची कल्पना. रोमन चर्चला त्यांनी वगळले नाही. पण केलेल्या छळाचा उच्चारही टाळला नाही आणि पश्चात्तापाची अपेक्षा ठेवली. विस्मरण म्हणजे समेट नव्हे, ही त्यांची भूमिका येथे स्पष्ट दिसते.

शांततेचा हा पुरस्कर्ता स्वतः मात्र तटस्थ राहिला नाही. १६५५ मध्ये पोलंडवर चालून आलेल्या स्वीडनच्या राजाची त्यांनी स्तुती केली. पुढच्या वर्षी पोलिश फौजांनी लेश्नो जाळले आणि चार दशकांहून अधिक काळ आकाराला येत असलेला त्यांचा चेक-लॅटिन शब्दकोश आगीत नष्ट झाला. चरित्रातील हा भाग अवघडच आहे.

अखेरची वर्षे अॅमस्टरडॅममध्ये गेली. मानवी व्यवहारांच्या सुधारणेवरील सात भागांच्या ग्रंथात त्यांनी विद्वान, चर्च आणि राज्यकर्ते यांच्यासाठी तीन स्वतंत्र जागतिक मंडळे सुचविली. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नाकारली. १६६७ मध्ये ब्रेडा येथे वाटाघाटींसाठी जमलेल्या इंग्रज व डच दूतांना उद्देशून त्यांनी शांततेचे आवाहन लिहिले. १५ नोव्हेंबर १६७० रोजी त्यांचे निधन झाले. तो अपूर्ण ग्रंथ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात जर्मनीतील हाले येथे हस्तलिखित रूपात सापडला आणि १९६६ मध्ये प्रागमध्ये छापला गेला.