शांतीची अध्यापिका : मार्जरी सायक्स

विद्यार्थिमित्रहो, रणांगणावर पराक्रम गाजविणाऱ्या वीरांचीं चरित्रें तुम्हीं पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही तुम्हांस शस्त्रावांचून लढलेल्या एका विदुषीचा परिचय करून देत आहों.

मार्जरी सायक्स यांचा जन्म १९०५ सालीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत झाला. वडील शाळामास्तर होते. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां त्या नऊ वर्षांच्या होत्या. केंब्रिज येथें इंग्रजी वाङ्मयाचें उच्च शिक्षण घेऊन १९२८ सालीं त्या मद्रासेस मुलींच्या मिशन शाळेंत शिकविण्यास आल्या व तामिळ भाषा शिकल्या. पुढें त्या क्वेकर पंथास मिळाल्या. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामीं देवाचा प्रकाश आहे, अशी ह्या पंथाची श्रद्धा. म्हणून मनुष्यावर शस्त्र उचलणें तो निषिद्ध मानितो.

शांतिनिकेतनांत त्या बंगाली शिकल्या आणि त्यांनीं रवींद्रनाथांच्या नाटकांचें इंग्रजी भाषांतर केलें. बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासह लिहिलेलें दीनबंधु अँड्रूज यांचें चरित्र १९४९ सालीं प्रसिद्ध झालें. एवढी विद्वत्ता असूनही गांधीजींच्या निधनानंतर त्यांनीं वर्धा जिल्ह्यांतील सेवाग्रामीं नयी तालीमच्या कार्यास वाहून घेतलें. तेथें सूतकताई, शेती, स्वयंपाक व सफाई यांच्या द्वारेंच मुलांस ज्ञान दिलें जाई. भारताचें नागरिकत्वही त्यांनीं स्वीकारिलें.

१९६४ सालीं नागालँडांत भारतीय सैन्य व नागा बंडखोर यांच्यांत युद्धविराम झाला. तो नीट पाळला जावा म्हणून नेमलेल्या निरीक्षकांत साठीकडे झुकलेल्या सायक्सबाई होत्या. सुमारें तीन वर्षें त्यांनीं तेथें काम केलें. परंतु वाटाघाटींस यश आलें नाहीं.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. बंदुका जितके दिवस थांबल्या, तितके दिवस किती मुलें निर्धास्तपणें झोपलीं असतील! शांतीचें पीक एका हंगामांत हातीं येत नाहीं. पण म्हणून पेरणी सोडून चालत नाहीं.

१९९५ सालीं इंग्लंडांत त्यांचें देहावसान झालें.

आपल्या बीड जिल्ह्यांत बांधावरून आणि विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावांचें बोलणें तुटतें, हें पालकांस आम्हीं सांगावयास नको. अशा घरांत अबोला मोडण्यास पहिलें पाऊल टाकणारें लेंकरूं, डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें ज्यांस धन्य म्हटलें त्यांतलेंच एक होय. आमच्या शाळेंतून अशीं मुलें निघोत!